हातावरचा बँड बाजारात आणायचाय? आधी डब्यावरचं वाक्य लिहा

एका मे महिन्यात डोंबिवलीचे दोन तरुण अंधेरीच्या एमआयडीसीत माझ्याकडे आले. पिशवीत बारा बँड होते. घरातल्या वयस्कर माणसांसाठी बनवलेला बँड. माणूस पडला तर मुलाच्या फोनवर निरोप जातो, दिवसभर नाडीचे ठोके मोजतो, ब्लूटूथवर चालतो. काम नेटकं होतं.

"सर, सगळं तयार आहे. फक्त सर्टिफिकेट राहिलंय. आठवड्याभरात होईल ना?"

मी डबा उलटसुलट करून पाहिला. झाकणावर ठळक छापलं होतं : 'हृदयविकाराची पूर्वसूचना देणारा बँड'. तीन हजार डबे छापून झाले होते.

ते डबे शेवटी रद्दीत गेले. बँड मात्र वाचला, पण त्याला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत आम्ही ज्या क्रमाने गेलो, आणि ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो खाली देतो आहे. उदाहरण त्याच बँडचं आहे. घड्याळ, अंगठी, छातीवरचा पट्टा, काहीही असलं तरी क्रम फारसा बदलत नाही.

पायरी १ : उपकरण काय करतं, ते एका वाक्यात लिहा

लोक इथे घाई करतात आणि इथेच घोडं पेंड खातं. कोणता कायदा लागू होणार हे आतल्या सर्किटपेक्षा तुमच्या दाव्यावर ठरतं. तोच सेन्सर, तोच हिरवा एलईडी, तेच गणित. 'व्यायाम करताना नाडीचे ठोके दाखवतो' असं लिहिलंत तर तुम्ही ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सच्या दारात उभे आहात. 'अनियमित ठोके ओळखून हृदयविकाराची सूचना देतो' असं लिहिलंत की तुम्ही औषध प्रशासनाच्या दारात पोहोचलात.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत आणि ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. सुरुवातीला मोजकी उपकरणंच त्यांच्या कक्षेत होती. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने चित्र बदललं. रोगाचं निदान, देखरेख, उपचार, प्रतिबंध यांसाठी असलेलं जवळपास प्रत्येक उपकरण १ एप्रिल २०२० पासून कायद्याच्या लेखी 'औषध' ठरलं, आणि त्यात सॉफ्टवेअरही आलं. म्हणजे बँड साधा असला, पण फोनमधलं ॲप निदान सांगत असलं, तरी सुटका नाही.

जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी, डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. महाराष्ट्रात ए आणि बी वर्गाचं उपकरण बनवायचं असेल तर परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, म्हणजे मुंबईकरांना वांद्रे-कुर्ला संकुल गाठावं लागतं. बी वर्गाला अर्ज एमडी-३ या फॉर्ममध्ये, परवाना एमडी-५ मध्ये. सी आणि डी वर्गाचा परवाना केंद्राच्या औषध नियंत्रण संघटनेकडून, म्हणजे सीडीएससीओकडून येतो. बाहेरून आयात करणार असाल तर वर्ग कोणताही असो, परवाना सीडीएससीओचाच. त्यासाठी अर्ज एमडी-१४ मध्ये आणि परवाना एमडी-१५ मध्ये.

एक पळवाट सगळ्यांना सुचते. डब्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'हे वैद्यकीय उपकरण नाही' असं छापायचं आणि जाहिरातीत आजोबांना हार्ट अटॅकपासून वाचवायचं. हे चालत नाही. तपासणारा माणूस डबा, माहितीपत्रक, वेबसाइट आणि इन्स्टाग्रामवरची रील, सगळं एकत्र ठेवून वाचतो.

रक्तातला ऑक्सिजन दाखवायचा मोह आवरा, निदान पहिल्या उत्पादनात. पल्स ऑक्सिमीटरचं मानक आयएसओ ८०६०१-२-६१ आहे. त्यात ७० ते १०० टक्के या पट्ट्यात चूक ४ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, आणि ती निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातला ऑक्सिजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली खाली आणून सिद्ध करावी लागते. मनगटावर परत आलेला प्रकाश मोजणं हे बोटाच्या आरपार मोजण्यापेक्षा अवघड काम. त्यात आपल्याकडची सावळी कातडी प्रकाश जास्त शोषते. नाडीचे ठोकेही तुम्ही गोऱ्या मनगटांवरच तपासले असतील तर ती तपासणी अर्धीच झाली. आम्ही लग्नसराईत मेंदी लावलेल्या हातावर बँड बांधून पाहिला, तेव्हा आकडे जे नाचायला लागले ते बघण्यासारखं होतं.

डोंबिवलीकरांचं वाक्य शेवटी असं झालं : 'पडल्याची सूचना घरच्यांना देणारा आणि नाडीचे ठोके दाखवणारा बँड. निदानासाठी नाही.' त्यांना ते फिकं वाटलं. पण पुढचा सगळा रस्ता त्याच वाक्यावर आखता आला.

पायरी २ : बॅटरी, आणि तिच्यावर जास्तीत जास्त वेळ

अंगाला बांधायच्या वस्तूंमध्ये गंभीर अपघात बहुतेक वेळा बॅटरीचेच असतात. फिटबिटने मार्च २०२२ मध्ये आयॉनिक हे घड्याळ परत मागवलं. बॅटरी तापल्याच्या तक्रारी एकट्या अमेरिकेत ११५ आणि भाजल्याच्या ७८ होत्या. एवढी मोठी कंपनी, तपासण्या सगळ्या झालेल्या, तरी हे घडलं. त्यामुळे बॅटरी निवडताना 'लॅमिंग्टन रोडला अर्ध्या किमतीत मिळते' हा विचार डोक्यातून काढून टाका. प्रोटोटाइपला लॅमिंग्टन रोड उत्तम, मीही तिथेच जातो. विकायच्या मालाला नाही.

भारतात लिथियम सेल आणि बॅटरीला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) सक्तीची नोंदणी लागते. मानक आयएस १६०४६ (भाग २), जे आयईसी ६२१३३-२ या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे. रचना तीन मजली आहे : सेलची नोंदणी, त्या सेलपासून बनलेल्या बॅटरीची नोंदणी, मग त्या बॅटरीच्या आधारावर तुमच्या उपकरणाची. खालचा मजला कच्चा असेल तर वरचा उभाच राहत नाही. म्हणून पुरवठादाराकडून पैसे देण्याआधी चार गोष्टी मागा : सेलचा आर-क्रमांक (बीआयएस नोंदणीचा क्रमांक), बॅटरीचा आर-क्रमांक, फोटोंसकट पूर्ण टेस्ट रिपोर्ट, आणि वाहतुकीच्या यूएन ३८.३ चाचणीचा सारांश.

आर-क्रमांक मिळाला की तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. नुसता 'सापडला' म्हणून खूश होऊ नका. कारखान्याचं नाव, पत्ता, ब्रँड आणि मॉडेल अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. या धंद्यात पाऊच सेलची, म्हणजे पाकिटासारख्या चपट्या सेलची, ओळख सहा आकड्यांनी होते. ४०१२३० म्हणजे जाडी ४.० मिलिमीटर, रुंदी १२, लांबी ३०. प्रमाणपत्र ४०१२३० चं आणि पाठवलेला सेल ४०१२३५ चा, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की व्हर्नियर कॅलिपर खिशात घेऊनच फिरतो.

लॅबमध्ये सेलचं काय करतात हे माहीत असलं की तुमची डिझाइनही सुधारते. सेल बाहेरून शॉर्ट करतात. एक मीटरवरून पाडतात. ओव्हनमध्ये १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये १३ किलोन्यूटन बलाने चिरडतात. पेटायचं नाही, फुटायचं नाही. यातलं काहीही घरी, गॅलरीत किंवा गाळ्यात करून बघू नका. ओरिजिनल सेलसुद्धा चिडला की धूर विषारी असतो.

गाळ्यात करायचं काम वेगळं आहे. सेलच्या जाडीच्या साधारण दहा टक्के जागा फुगण्यासाठी मोकळी ठेवली आहे का? पाऊचजवळ स्क्रूचं टोक, सोल्डरचा काटा, प्लास्टिकची धारदार कड येते का? चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपला, म्हणजे चार्जिंग आयसीला, सेलचं तापमान कळतं का? बहुतेक सेलची चार्जिंगची मर्यादा ० ते ४५ अंश असते. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कारच्या चार्जरला लावलेला बँड ४५ च्या पलीकडे सहज जातो. सेलला चिकटवलेला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) आणि त्याचं ऐकून चार्जिंग थांबवणारा आयसी, एवढं असलं की ही धास्ती जाते. डोंबिवलीकरांच्या बोर्डावर थर्मिस्टरची जागा होती, पण खर्च वाचवायला तिथे साधा रेझिस्टर बसवला होता. आयसी बिचारा कायम २५ अंशच आहे असं समजून चालला होता.

वाहतुकीचं थोडक्यात. यूएन ३८.३ मध्ये आठ चाचण्या आहेत, उंचीवरच्या विरळ हवेपासून कंपनापर्यंत. धोकादायक मालाच्या यादीत उपकरणात बसवलेल्या बॅटरीचा क्रमांक यूएन ३४८१ आणि सुट्या बॅटरीचा यूएन ३४८०. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. दुरुस्तीसाठी सुट्या बॅटऱ्या कुरिअरने पाठवणारे सहार विमानतळाच्या कार्गोत अडकतात ते यामुळे.

पायरी ३ : कातडी आणि घाम

फोन खिशात असतो, बँड रात्रंदिवस चामडीला चिकटलेला असतो. त्यात आपली हवा. जून ते ऑक्टोबर मनगट कोरडं असं कधी नसतंच.

आधी तापमान. आयईसी ६२३६८-१ या सुरक्षा मानकात आठ तासांहून जास्त वेळ थेट अंगावर राहणाऱ्या उपकरणाच्या स्पर्शाच्या पृष्ठभागाला ४३ ते ४८ अंश ही मर्यादा आहे. वैद्यकीय उपकरण असेल तर आयईसी ६०६०१-१ जास्त कडक : दीर्घ स्पर्शाला ४३ अंश कमाल, आणि ४१ ओलांडलं तर तसं पुस्तिकेत लिहावंच लागतं. मोजताना सगळ्यात वाईट वेळ निवडा. बँड चार्जिंगला, नाडीचा सेन्सर सुरू, ब्लूटूथवर सतत डेटा, आणि मागच्या बाजूला कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चिकटवलेलं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार. एसीत बसून मोजलेला आकडा मला दाखवू नका.

आता चार्जिंगच्या पिना. या लेखात दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

बँडच्या पाठीला दोन किंवा चार सोनेरी ठिपके असतात. डोंबिवलीचा एक बँड मी जुलैत चार दिवस हातात घातला. पाचव्या दिवशी अंघोळीला काढला तर मनगटावर दोन लाल ठिपके, बरोबर पिनांच्या अंतरावर. एका पिनेभोवती हिरवट कीट. मल्टिमीटर लावला : बँड चार्जरला नसताना पिनांवर ३.९ व्होल्ट! सेलचा व्होल्टेज चार्जिंगच्या वाटेने उलटा बाहेर येत होता. घाम म्हणजे मिठाचं पाणी. त्यात दोन धातू आणि व्होल्टेज आलं की विद्युत अपघटन सुरू होतं. धन पिनेचा मुलामा खाल्ला जातो आणि ऋण पिनेपाशी अल्कली तयार होऊन कातडी भाजते. लोकांना वाटतं पट्ट्याची ॲलर्जी आली. ते भाजणं असतं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. पिनांवर १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि व्होल्टेज मोजा. बँड बंद असताना, चालू असताना, चार्जरवरून नुकताच काढल्यावर, बॅटरी उतरत आल्यावर, अशा प्रत्येक स्थितीत. आकडा शून्याच्या आसपासच हवा. मग अर्धा टक्का मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम मीठ घालून, चालू बँडचा पिनांचा भाग रात्रभर बुडवा आणि सकाळी भिंगातून पाहा. उपाय म्हणजे उलटा प्रवाह अडवणारा एक डायोड किंवा लोड स्विच. काही रुपयांचा सुटा भाग. आम्हाला त्यासाठी बोर्ड नव्याने करावा लागला आणि सहा आठवडे गेले.

धातूचं पुढे. निकेलची ॲलर्जी आपल्याकडेही भरपूर आहे, खोट्या कानातल्यांनी कान चिघळलेल्या कुणालाही विचारा. युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या धातूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटलेलं चालत नाही. चाचणी ईएन १८११ प्रमाणे. त्यात कृत्रिम घाम वापरतात : ०.५ टक्के मीठ, ०.१ टक्के लॅक्टिक ॲसिड, ०.१ टक्के युरिया, सामू ६.५. त्यात नमुना ३० अंशाला आठवडाभर ठेवतात. भारतात विकणार असलात तरी बकल आणि मागच्या झाकणासाठी ही चाचणी करून घ्याच. फिटबिटनेच २०१४ मध्ये फोर्स हा बँड पुरळ उठण्याच्या तक्रारींमुळे परत घेतला होता. तिथे निकेलबरोबर चिकटवायच्या डिंकातल्या ॲक्रिलेटवरही बोट ठेवलं गेलं होतं. म्हणून पट्टा, डिंक, शाई, रंग, सगळ्यांची नावं पुरवठादाराकडून लेखी घ्या. वैद्यकीय उपकरण असेल तर आयएसओ १०९९३ ची मालिका लागते : पेशींवरचा परिणाम, दाह, ॲलर्जी. ते वेगळ्या लॅबचं काम आहे आणि वेळखाऊ आहे.

पायरी ४ : पाणी

आयपी ६८ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा छापण्याआधी त्याचा अर्थ वाचा. शेवटचा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ हे निर्मात्याने ठरवून सांगायचं असतं. ते न सांगता नुसतं '६८' छापलं तर त्याला अर्थ नाही. दुसरं, ही चाचणी नव्या उपकरणावर गोड्या पाण्यात होते. जुहूची खारट हवा, साबण, घामाने कडक झालेला रबरी सील यांचा तिथे विचार नसतो. म्हणून आमचा घरचा क्रम असा : आधी नमुना दमट उष्णतेच्या चेंबरमध्ये ४० अंश आणि ९३ टक्के आर्द्रतेला ठेवायचा, मग एक मीटरवरून फरशीवर पाडायचा, आणि त्यानंतर पाण्यात बुडवायचा. उलट क्रमाने सगळेच पास होतात.

पायरी ५ : रेडिओ

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्या पट्ट्याला भारतात स्पेक्ट्रमचं लायसन्स लागत नाही, म्हणून बरेचजण समजतात की काहीच लागत नाही. उपकरणाला मंजुरी लागते. तिला ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) म्हणतात आणि ती दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेकडून, सरल संचार पोर्टलवर मिळते. लायसन्समुक्त पट्ट्यातल्या अशा उपकरणांना स्वयंघोषणेवर चालतं, पण त्या घोषणेमागे मान्यताप्राप्त लॅबचा रेडिओ रिपोर्ट असावा लागतो.

इथे माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एक बँड थेट ग्राहकाला देतो तसा लॅबला दिला. रेडिओ चाचणीची बंद खोली, म्हणजे चेंबर, सकाळी दहाचा बुक केलेला, तासावर पैसे. इंजिनिअरने बँड आत ठेवला, दार लावलं, आणि तीस सेकंदांत बँड झोपी गेला! बॅटरी वाचवायला आम्हीच तो तसा बनवला होता. दुपारपर्यंत मी चेंबरच्या आत-बाहेर करत बँड हलवत बसलो. रेडिओच्या चाचणीला वेगळं फर्मवेअर (बँडमध्ये भरलेला प्रोग्रॅम) लागतं : २४०२, २४४० आणि २४८० मेगाहर्ट्झ अशा खालच्या, मधल्या आणि वरच्या चॅनेलवर सतत प्रक्षेपण करणारं, झोप बंद केलेलं. एका नमुन्याला अँटेनाच्या जागी बारीक केबल सोल्डर करून द्या. संगणकावरून चॅनेल बदलायची कमांड कागदावर लिहून द्या, कारण लॅबमधल्या माणसाला तुमचं ॲप माहीत नसतं.

रेडिएशनची भीती गिऱ्हाईक हमखास काढतं. ब्लूटूथचा बँड सरासरी २० मिलीवॅटच्या बराच खाली असतो आणि आयईसी ६२४७९ प्रमाणे तेवढ्यावर अंगात किती रेडिओ ऊर्जा शोषली जाते याचं (एसएआर) वेगळं मोजमाप न करता गणिताने दाखवता येतं. बँडमध्ये सिमकार्ड घातलंत की हा सगळा हिशोब बदलतो. पहिल्या उत्पादनात घालू नका.

याच फेरीत स्थिर विजेची चाचणीही करून घ्या : स्पर्शाने ४ किलोव्होल्ट, हवेतून ८. मुंबईच्या दमट हवेत ही उणीव झाकली जाते. आमचा बँड इथे सहा महिने ठणठणीत चालला आणि नागपूरच्या हिवाळ्यात लोकरी स्वेटर काढताना गुपचूप रीसेट व्हायला लागला. पडल्याची सूचना देणारं उपकरण गुपचूप बंद पडणं ही सुरक्षेचीच बाब आहे, मग मानक काहीही म्हणो.

पायरी ६ : लॅब आणि बीआयएसचा अर्ज

मुंबईत सोय चांगली आहे. अंधेरीत सीप्झसमोर केंद्र सरकारची ईआरटीएल (पश्चिम) ही चाचणी प्रयोगशाळा आहे, पवईला आयआयटीच्या आवारात समीर ही सरकारी संस्था आहे. खासगी लॅबही आहेत. कुठेही जा, पण लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं नुसतं बोधचिन्ह बघून भुलू नका. लॅबच्या मान्यतेची व्याप्ती उघडून तुमचा मानक क्रमांक त्यात आहे का ते पाहा. बीआयएस नोंदणीसाठी लॅब बीआयएसचीच मान्यताप्राप्त असावी लागते. चिनी कारखान्याचा सीई (युरोपसाठीचा) रिपोर्ट इथे कामाचा नाही.

स्मार्टवॉच सक्तीच्या नोंदणीच्या यादीत २०१७ च्या अधिसूचनेने आलं, मानक आयएस १३२५२ (भाग १). आता त्याची जागा आयएस/आयईसी ६२३६८-१ घेत आहे, म्हणून नव्या उत्पादनाची चाचणी नव्या मानकावरच करून घ्या. तुमचा बँड 'घड्याळ' आहे की नाही, याचा निकाल स्वतः लावू नका. बीआयएसला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. बॅटरीची नोंदणी तर कुठल्याही परिस्थितीत लागतेच.

अर्जातली एक गोष्ट आयात करणाऱ्यांना कायम चकवते. नोंदणी कारखान्याच्या नावाने होते. तुम्ही भिवंडीत गोदाम घेऊन शेन्झेनहून माल आणत असाल तर अर्जदार शेन्झेनचा कारखाना, आणि तुम्ही फार तर त्याचे भारतातले अधिकृत प्रतिनिधी. कारखाना बदलला की नोंदणी नवी. एकच कंपनी दोन ठिकाणी बनवत असेल तर दोन नोंदण्या. ब्रँड तुमचा असेल तर ट्रेडमार्कचा कागद आणि कारखान्याला दिलेलं अधिकारपत्र लागतं. ट्रेडमार्कचा अर्ज म्हणूनच पहिल्या महिन्यात करून टाका. रिपोर्ट हातात आल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर चाचणी पुन्हा. डोंबिवलीकरांचा रिपोर्ट आला तेव्हा ट्रेडमार्कची फाइल सापडत नव्हती. ८६ व्या दिवशी अर्ज गेला.

नमुने देताना मोजून देऊ नका, चार जास्त द्या. सर्किट, सुट्या भागांची यादी, पीसीबीची (सर्किट बोर्डाची) मांडणी, पुस्तिका, लेबलचा नमुना हे सगळं एका आवृत्तीचं असू द्या. लॅब फोटो काढते. फोटोतला कॅपॅसिटर आणि यादीतला कॅपॅसिटर वेगळा निघाला की तिथेच काम थांबतं.

पायरी ७ : आता डबा छापा

बीआयएसचं चिन्ह, मानक क्रमांक आणि आर-क्रमांक. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे निर्माता किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर मूळ देश, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. फुली मारलेल्या कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांखाली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे उत्पादक म्हणून नोंदणी लागते, आणि बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम वेगळे आहेत. ई-कचरा नियमांतच शिसं, पारा वगैरेंवर ०.१ टक्का आणि कॅडमियमवर ०.०१ टक्का मर्यादा आहे, म्हणून सोल्डर आणि केबलच्या पुरवठादाराचं पत्र घेऊन ठेवा.

ॲप विसरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्या बँडमध्ये पेच असा की बँड आजीच्या हातात आणि ॲप नातवाच्या फोनमध्ये. ठोके आजीचे, म्हणजे संमतीही आजीची. संमतीची सूचना इंग्रजीबरोबरच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय कायद्याने द्यावी लागते, त्यामुळे मराठी मजकूर नीट लिहून घ्या. यंत्राने केलेलं भाषांतर आजीला कळत नाही. मी दाखवून पाहिलं आहे.

पायरी ८ : माल बाहेर पडल्यावर

चाचणी पास झालेला बँड आणि सहा महिन्यांनी विकला जाणारा बँड एकच आहे का? बहुतेक वेळा नसतो. कारखान्यातला खरेदी अधिकारी दोन रुपये वाचवायला बॅटरी किंवा चार्जिंग आयसी बदलतो आणि कुणाला सांगत नाही. सुरक्षेशी संबंधित भागांची यादी भिंतीवर लावा : सेल, संरक्षक सर्किट, चार्जिंग आयसी, थर्मिस्टर, झाकणाचं प्लास्टिक, डिंक, पट्टा, अँटेना. यातलं काही बदललं तर आधी लॅबला फोन, मग खरेदी.

तक्रारींची वही साधी ठेवा, पण दोन शब्द आले की त्याच दिवशी लॉट थांबवा : 'गरम' आणि 'पुरळ'. फुगलेला बँड कुरिअरने परत मागवू नका. जवळच्या माणसाला पाठवून वाळूच्या डब्यात आणा.

आणि प्रत्येक लॉटमधले पाच बँड पाकिटात घालून, पाकिटावर लॉट क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख लिहून, सही करून सीलबंद ठेवा. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाने पिनांच्या जागी पुरळ आल्याचे फोटो पाठवले. आम्ही त्या लॉटचं पाकीट फोडलं, पिनांवर मल्टिमीटर धरला. शून्य. मग त्याच्या बँडचं झाकण उघडलं. बाहेरच्या कुणा दुरुस्तीवाल्याने डायोड काढून तिथे तार जोडली होती.